आईंची खोली खाली, पुराची खोली वर

घराचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या वेळी आलेली निम्मी पत्रं एकाच प्रश्नाची आहेत, बैठं घर बांधावं की दुमजली, रो-हाऊस घ्यावं की फ्लॅट. त्यातली चार घेतेय. पहिल्याचं उत्तर खूप लांबलंय, पण त्या ताईंची अडचणच तशी आहे, दोन्ही बाजूंनी कात्री.

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही सांगलीत भाड्याने राहतो आणि आता स्वतःच्या 2 गुंठ्यांच्या प्लॉटवर बांधायचं ठरवलंय. घरात मी, मिस्टर, दोन मुलं (नववी आणि पाचवी) आणि सासूबाई, वय 71, दोन्ही गुडघे दुखतात, ऑपरेशन नको म्हणतात. मिस्टरांना डुप्लेक्स हवंय, खाली हॉल-किचन आणि वर सगळ्या बेडरूम, म्हणजे पुढे अंगण आणि गाडीला जागा राहील. इंजिनिअर पण म्हणाले की तेवढ्याच एरियाला दुमजली स्वस्त पडतं. मला बैठं घर हवंय, आईंसाठी. पण 2019 च्या पुरात आमच्या प्लॉटसमोरच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं, त्यामुळे दीर म्हणतात सांगलीत बैठं घर बांधणं म्हणजे वेडेपणा. मला कोणाचंच चूक वाटत नाही, काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या घरात खरंच कोणी चुकीचं बोलत नाहीये, फक्त प्रत्येकजण घराच्या एकाच कोपऱ्यातून बोलतोय. आधी आईंचं घेते कारण माझा जीव तिथे अडकलाय.

माझ्या माहेरचं घर दुमजली, झोपायच्या खोल्या वर. आईला साठीनंतर गुडघ्याचा त्रास सुरू झाला तेव्हा आम्हाला कुणालाच काही वेगळं दिसलं नाही, ती वर जात होती, खाली येत होती, तक्रार कधी केली नाही. एका दिवाळीला रंग द्यायचा म्हणून जिन्यातले फोटो उतरवले तर भिंतीवर, कमरेच्या थोडं वर, एक काळपट तेलकट पट्टा, खालपासून वरपर्यंत, अगदी जिन्याच्या चढानेच गेलेला. त्या बाजूला कठडा नव्हता, ती भिंतीला तळहात टेकवून चढत उतरत होती, किती वर्षं ते त्या पट्ट्यावरून कळलं. मी तोवर लोकांना घरं बांधून देत होते आणि आईच्या जिन्याला दुसऱ्या बाजूने रेलिंग लावलं नव्हतं. पुढे खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आठ महिने तिचा पलंग हॉलमध्ये होता, पडदा लावून, आणि आंघोळीसाठी रोज दोघांनी उचलून वर न्यायचं कारण खाली फक्त संडास होता, बाथरूम नव्हती. म्हणून सांगते, तुमच्या मिस्टरांच्या नकाशात आईंची बेडरूम वर असेल तर तो नकाशा आजच बाजूला ठेवा. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट भार येतो आणि उतरताना त्याहून जास्त, म्हणून गुडघे दुखणारी माणसं उतरताना अंग तिरकं करून, दोन्ही पाय एकाच पायरीवर घेत उतरतात, आईंना एकदा बघा उतरताना.

आता इंजिनिअर म्हणतात ते. तेवढ्याच एरियाला दुमजली स्वस्त, हे मोठ्या अंशी बरोबर आहे. 1300 फूट एकाच मजल्यावर घेतलं तर पाया, जोतं, भराव आणि वरच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग सगळं 1300 फुटांचं, दोन मजल्यांत विभागलं तर हे सगळं 650 चं. त्यात तुमच्याकडे काळी माती, ती पावसात फुगते उन्हाळ्यात आकसते, फुटिंग म्हणजे कॉलमखालचा पाया खोल न्यावा लागतो, तिथे पैसा जातो. पण ते हिशोबात एक गोष्ट सांगत नाहीत, जिन्याची. दोन मजल्यांत 10 फूट उंची धरली आणि 6 इंचाची पायरी केली तर 20 पायऱ्या होतात, मधे लँडिंग घेऊन असा जिना 75 ते 80 चौरस फूट जागा खातो आणि ती खालीही जाते, वरही जाते. शिवाय वर वेगळं बाथरूम आलंच. जागा वाचवायची म्हणून मग पायरी साडेसात इंचाची करतात आणि वळणावर त्रिकोणी पायऱ्या टाकतात, झाला 16 पायऱ्यांचा उभा जिना, आणि तोच पुढे 40 वर्षं चढायचा असतो.

तुमच्या प्लॉटवर काय बसतं ते बघू. एक गुंठा म्हणजे 33 बाय 33, तर 2 गुंठे म्हणजे तुमचा प्लॉट 33 बाय 66 चा धरते. समोर 10 फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना 5-5 फूट सोडले असं समजा (खरे मार्जिन तुमच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतात, ते महापालिकेतून लिहून घ्या), तर बांधायला 23 बाय 51, म्हणजे साधारण 1170 चौरस फूट राहतात. त्यातले 160 फूट गाडीच्या पोर्चला. उरले हजार. या हजारात हॉल, किचन, आईंची खोली अटॅच्ड बाथरूमसकट, तुमची बेडरूम, एक कॉमन संडास-बाथरूम आणि नीट जिना बसतो, ऐसपैस नाही पण बसतो, मी यापेक्षा लहान जागेत बसवलंय. आणि वर फक्त एक खोली, 12 बाय 14 ची, तिला बाथरूम, बाकी सगळी गच्ची. ती खोली मुलांची, नववीतल्या पोराला तसंही आता स्वतःचं दार हवं असणार.

म्हणजे घर बैठंही नाही आणि डुप्लेक्सही नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ज्याला जिना नको आहे त्याचं काहीही जिन्यामुळे अडता कामा नये, देवघर, स्वयंपाकघर, आंघोळ, टीव्ही, अंगणात येऊन बसणं, सगळं एका पातळीवर, हे मी पहिलं बघते. मग वर किती मजले आहेत याला फार अर्थ नाही. हे मिस्टरांच्या डुप्लेक्सपेक्षा थोडं महाग पडेल हे मान्य करून चला आणि अंगण लहान होईल, ते त्यांना आधीच सांगा, नंतर घरात धुसफूस नको.

आता दिरांचं म्हणणं, जे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्याआधी 2005, नंतर 2021. म्हणजे हे पुन्हा होणार असं धरूनच बांधायचं. पहिलं काम, पाटबंधारे खात्याची निळी (साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा तुमच्या प्लॉटच्या कुठून जाते ते बघा. निळ्या रेषेच्या आत असाल तर बांधूच नका, कोणी कितीही सांगितलं तरी. दोन रेषांच्या मधे असाल तर अटी लागतात आणि जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीवरून ठरवायची, शेजारच्याने किती घेतली यावरून नाही.

समजा 2019 ला रस्त्यावर 3 फूट होतं म्हणून तुम्ही जोतं 4 फूट घेतलं. इथे दिरांचा पूर आणि आईंचे गुडघे समोरासमोर येतात, कारण बैठ्या घरालाही आता 8 पायऱ्या आल्या! रॅम्पचा नियम 1 ला 12, म्हणजे 4 फुटांसाठी 48 फूट रॅम्प. ऐकून लोक सोडून देतात, पण तुमच्या प्लॉटची लांबी 66 आहे, बाजूच्या मार्जिनमधून कडेने साडेतीन फुटी रॅम्प मधे एक सपाट टप्पा घेऊन मागच्या दारापर्यंत जातो का ते इंजिनिअरला काढून दाखवायला सांगा, मार्जिनमधे चालेल का तेही परवानगीच्या वेळीच विचारा. नाहीच जमलं तर पुढच्या पायऱ्या 6 इंचाच्या, 12 इंच रुंद, दोन्ही बाजूंना कठडा आणि चार पायऱ्यांनंतर एक ओटा, टेकता येईल असा. आई संध्याकाळी त्याच ओट्यावर बसतील बघा.

वरची ती खोली म्हणूनच मी पुराची खोली म्हणतेय. तिला स्वतःचं संडास-बाथरूम हवंच, एका कोपऱ्यात दोन फुटी ओटा आणि गॅसचा पॉइंट, एक भिंतीतलं कपाट ज्यात कागदपत्रं कायम वरच राहतील. इन्व्हर्टर वर. मीटर आणि मेन बोर्ड जितका उंच बसवता येईल तितका, खालचे प्लग 4 फुटांवर, आणि खालचं-वरचं वायरिंग वेगळ्या एमसीबीवर (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) म्हणजे खालचं बंद करून वरचं चालू ठेवता येतं. ड्रेनेजच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट आत येऊ न देणारी झडप) नक्की बसवा, पुरात पाणी दारातून यायच्या आधी संडासातून येतं हे सांगलीकरांना मी काय सांगणार. किचनच्या खालच्या ट्रॉल्या प्लायच्या नको, कडप्प्याचे कप्पे करा आणि त्याला स्टीलच्या ट्रॉल्या.

पण ताई, एक कळकळीने सांगते, वर खोली आहे म्हणून पुरात थांबून राहायचं नाही. ती खोली सामानासाठी आणि एखाद्या रात्रीसाठी. 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, आणि 71 वर्षांच्या गुडघे दुखणाऱ्या बाईला पाण्यातून बोटीत चढवणं म्हणजे काय हे डोळ्यासमोर आणा. प्रशासनाने निघा सांगितलं की कोरड्या रस्त्याने गाडीतून निघायचं.

दोन लहान गोष्टी राहिल्या. फुटिंग आणि कॉलम पूर्ण दोन मजल्यांचेच डिझाइन करून घ्या, पुढे मुलांनी वर वाढवलं तर त्रास नाही. पण कॉलमचे गज गच्चीवर उघडे ठेवू नका, आपल्याकडे घराघरावर ते गंजलेले गज दिसतात, पुढच्या वेळी म्हणून दहा-दहा वर्षं, आणि मग ते जोडायच्या लायकीचे राहत नाहीत, कमी सिमेंटच्या काँक्रीटने झाकून घ्या. आणि जिन्याच्या पायऱ्या ओतायच्या आधी गवंड्याला खालच्या-वरच्या फरशीची जाडी सांगा. नाहीतर फरशी बसल्यावर खालची पहिली पायरी लहान होते आणि वरची शेवटची कमीजास्त, पायाला सवय लागलेली असते एका मापाची आणि नेमकं त्याच पायरीवर माणूस पडतं.

काम सुरू करायच्या आधी प्लॉटवर चुन्याची फक्की मारून पूर्ण नकाशा आखा आणि आईंना तिथे घेऊन जा, खुर्ची न्या, त्यांना स्वतःच्या खोलीतून बाथरूमपर्यंत, किचनपर्यंत चालू द्या. कागदावर न दिसलेलं बरंच काही त्या तिथे सांगतील.

प्रश्न : आम्ही दोघं नाशिकला जॉबला आहोत, वय 34 आणि 32, मुलगी 2 वर्षांची. एकाच बजेटमध्ये दोन पर्याय आहेत. एक रो-हाऊस, 15 फूट रुंद, तळ अधिक दोन मजले. दुसरा सहाव्या मजल्यावरचा 3 बीएचके, लिफ्ट आहे. सगळे म्हणतात रो-हाऊस घ्या, स्वतःची जमीन, स्वतःची गच्ची. आमचं मन होत नाहीये.

उत्तर : मन होत नाहीये यामागे काहीतरी कारण असेल, ते शोधा. मी तुमच्या जागी असते तर हे केलं असतं. एक आठवडा वही ठेवा आणि सध्याच्या घरात किती वेळा एका खोलीतून दुसरीत जाता ते लिहा, दूध गरम करायला, डायपर आणायला, फोन चार्जरवरून काढायला, मुलीला झोपवून परत हॉलमध्ये यायला. मग प्रत्येक खोलीला रो-हाऊसमधला मजला द्या. किचन तळाला, मुलीची खोली पहिल्यावर, वॉशिंग मशीन बहुतेक गच्चीजवळ दुसऱ्यावर. आकडा बघून तुम्हालाच कळेल. मुलगी 2 वर्षांची म्हणजे पुढची तीन वर्षं प्रत्येक जिन्याला वर एक आणि खाली एक गेट, आणि तीन मजल्यांवर एकटं लहान मूल सांभाळणं म्हणजे सतत कान लावून बसणं.

एरियाची तुलना फसवी असते. 15 बाय 30 चं रो-हाऊस म्हणजे मजल्याला 450 फूट, त्यातले 70 जिन्याला, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा प्रत्येक मजल्यावर जातो. शिवाय दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या, उजेड फक्त पुढून-मागून, मधली खोली दिवसा पण अंधारी. बघायला जाल तेव्हा दुपारी जा आणि सगळे दिवे बंद करायला सांगा. टेप घेऊन पायरी मोजा, साडेसात इंचाच्या वर असेल तर मी नाहीच म्हणेन.

जमिनीचं मात्र खरं आहे, स्वतःचं म्हणून पुढे वाढवता येतं, मेंटेनन्स कमी, वर झाडं लावता येतात. पण खरंच स्वतंत्र आहे का ते कागदावर बघा, प्रत्येक रो-हाऊसचा वेगळा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आहे की सगळी जमीन सोसायटीच्या नावाने एकत्र आहे. एकत्र असेल तर स्वतःची जमीन या शब्दाला अर्थ उरत नाही.

फ्लॅट सहाव्यावर असला तरी आतलं घर एका पातळीचं आहे, माझ्या लेखी तेच बैठं घर. फक्त लिफ्टला जनरेटरचा बॅकअप आहे का, लिफ्ट एक आहे की दोन, स्ट्रेचर आत जाईल का, एवढं बघा. तुमच्या वयाला आणि मुलीच्या वयाला मी फ्लॅट घेईन. दोघांचे आई-वडील येऊन-जाऊन राहणार असतील तर विचारायलाच नको.

प्रश्न : अकोल्यात दुमजली घर आहे, बेडरूम वर. एप्रिल ते जून वर झोपताच येत नाही, सगळे खाली हॉलमध्ये गाद्या टाकतो. वय 63. घर विकून बैठं घ्यावं का?

उत्तर : काका, बैठं घेतलंत तर तोच तापलेला स्लॅब थेट डोक्यावर येईल, सगळ्या खोल्यांवर. आता तुमचा वरचा मजला खालच्याला छत्रीसारखा झाकतोय म्हणून तर खाली झोपता येतंय. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आत सोडतो, म्हणून रात्री 11 वाजता पंख्याचा वारा गरम लागतो. विकण्याआधी गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून त्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे (चकचकीत टाइलचे) तुकडे बसवून घ्या, पश्चिमेच्या भिंतीला सावली करा. आणि खालच्याच एखाद्या खोलीची कायमची बेडरूम करा, 63 ला ते करायला हवंच आहे, उन्हाळा असो नसो. हॉलला लागून बाथरूम नसेल तर खर्च तिथे करा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो, मूळचे पुण्याचे. पहिलं घर घेतोय. आई-बाबा (वय 68 आणि 74) दरवर्षी सहा महिने येतात. आमच्या बजेटमध्ये दुमजली कॉलोनियल मिळतंय, रँच म्हणजे एका मजल्याचं घर मिळालं तर जुनं आणि लहान. रिअल्टर म्हणतो कॉलोनियल घ्या, खाली गेस्टना स्टडी रूम देता येईल.

उत्तर : स्टडी रूम देता येईल, पण आंघोळ कुठे करायची ते त्याला विचारा. बहुतेक कॉलोनियल घरात खाली फक्त हाफ बाथ असते, कमोड आणि बेसिन, शॉवर सगळे वर. म्हणजे बाबा झोपणार खाली आणि आंघोळीला रोज वर, शिवाय वॉशर-ड्रायर बेसमेंटमध्ये असेल तर कपड्यांसाठी आई खाली, आणि आई तुमचे कपडे धुतल्याशिवाय राहणार नाहीत हे आपल्याला माहीत आहे. बेसमेंटचे जिने जुन्या घरात फार उभे असतात आणि लाकडी पायऱ्यांवर मोजे घालून पाय सटकतो.

तेव्हा कॉलोनियल बघताना एकच गोष्ट आधी बघा, खालच्या हाफ बाथला लागून क्लोझेट, गराजचा कोपरा किंवा पॅन्ट्री आहे का जी आत घेऊन तिथे शॉवर करता येईल. बिनउंबऱ्याचा शॉवर, भिंतीत आत्ताच लाकडी ब्लॉकिंग (आधाराची फळी) टाकून ठेवा म्हणजे पुढे ग्रॅब बार, हाताने धरायचा दांडा, पक्का बसतो. त्याचं एस्टिमेट प्लंबरकडून ऑफर देण्याआधी घ्या आणि किमतीत धरा, टाउनशिपचं परमिट लागेल तेही विचारा. हे जमत असेल तर कॉलोनियल चांगलं, मुलं मोठी होताना वर त्यांना आणि खाली आई-बाबांना आपापली शांतता मिळते. जमत नसेल तर लहान रँच बरं, खोल्या कमी असल्या तरी.

स्प्लिट-लेव्हल, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मजल्याच्या फरकाने खोल्या असलेलं घर, मात्र आई-बाबांसाठी घेऊ नका. 1950-60 च्या काळात तिकडे खूप बांधली गेली, दिसतात छान, पाच-सहा पायऱ्यांचेच तर जिने म्हणून लोक फसतात, पण तिथे किचनमधून झोपायच्या खोलीत जायलाही पायऱ्या आणि टीव्हीच्या खोलीत जायलाही पायऱ्या, एकही मजला असा नसतो जिथे दिवस पूर्ण निघेल. आणि घर कुठलंही घेतलंत तरी बाहेरच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी रेलिंग आई-बाबा यायच्या आधी लावा, बर्फात बाबा वर्तमानपत्र आणायला एकटे बाहेर पडणारच.